इंग्रजी बोलपटाला वन्स मोअर

आमच्या गावच्या मंडईत एका वर्षी नाटकाऐवजी इंग्रजी बोलपट झाला, आणि तो माझ्यामुळे झाला. ही गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे, ऐकणारा कंटाळला तरी सांगितली आहे, आणि दर वेळी सांगताना माझी मान जरा ताठ होते. गावातल्या म्हाताऱ्या अजून त्याला 'थो इस्तरीवालीचा खेळ' म्हणतात. त्यांच्या लेखी तो सिनेमा नव्हताच.

दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगावी मंडई नावाची जत्रा भरते. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान बांध्यांत, म्हणजे खाचरांत, उभा असतो, आणि लोकांना चार दिवसांची उसंत असते. दिवसा बाजार आणि दंडारीची नाचगाणी, रात्री नाटक. सोयरेधायरे येतात, लेकी-जावई येतात, लग्नं जुळतात. ज्या गावाच्या मंडईत नाटक नाही त्या गावाला वर्षभर तोंड वर करून चालता येत नाही. आमचं गाव भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या हमरस्त्यापासून दोन कोस आत, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. लहान असलं तरी नाटकाच्या बाबतीत त्याची ऐट मोठी होती.

त्या ऐटीतला बराच वाटा माझ्या बाबांचा. बाबा शेतकरी, पण पंचक्रोशीत त्यांना लोक ओळखत ते प्रॉम्प्टर म्हणून. तीस वर्षं ते विंगेत पुस्तक घेऊन बसले. त्यांनी कधी तोंडाला रंग लावला नाही, पण त्यांच्याशिवाय गावातला एकही नट धड चार वाक्यं बोलला नसता. त्यांचा नियम एकच. पुस्तकात आहे तेच बोलायचं. एकदा एका नटानं टाळ्या मिळतात म्हणून पदरचा विनोद घुसडला, तर बाबांनी विंगेतून खरं वाक्य असं दणक्यात वाचलं की ते तिसऱ्या रांगेत ऐकू गेलं. नटाला मुकाट्यानं मागे फिरून ते म्हणावं लागलं. नंतर तो भांडायला आला तेव्हा बाबा म्हणाले, "लिहिणारा मूर्ख होता काय? मंग तू काहून लिहून नाही राहिला?"

आई आम्ही लहान असतानाच गेली होती. घरात बाबा, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी ताई. ताईचं लग्न तुमसरला झालं होतं. भाऊजी तिथल्या एका राइस मिलमध्ये दिवाणजी होते, अंगावर नेहमी कडक इस्त्रीचा शर्ट. मी ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी ताई पोळ्याला माहेरी आली ती परत गेलीच नाही. येताना तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. "विहिरीवर घसरली," असं भाऊजींनी बाबांना सांगितलं, बाबांनी गावाला सांगितलं, आणि गावानं मान डोलावली. तेल लावताना मी तिचं मनगट पाहिलं. घसरून पडलेल्या माणसाच्या हातावर चार बोटांचे वळ उठलेले मी तोवर पाहिले नव्हते. मी विचारलं, तर ताई म्हणाली, "तेल लाव चुपचाप."

बाबा वाईट नव्हते. ते गावातल्या सगळ्यांसारखे होते, आणि मला राग त्याचाच येत होता. हात जुळेपर्यंत पोरगी राहील, मग मंडईला जवाईबापू येतील आणि घेऊन जातील, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. ताईला कोणी विचारलं नव्हतं. ताई दोन-अडीच महिने घरात होती, पण तिचा आवाज मला ऐकू आला नाही. पूर्वी ती हसली की शेजारच्या अंगणातली कोंबडी फडफडायची. आता ती झाडलोट करायची, स्वयंपाक करायची आणि मंडई किती दिवसांवर आली ते बोटांवर मोजायची. दिवस कमी होत गेले तशी तिची भाकरी अर्धी झाली.

मी तेव्हा भंडाऱ्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, रोज एसटीनं जाऊन येऊन. आमच्या इंग्रजीच्या सरांना सिनेमाचं वेड होतं. कॉलेजात त्यांनी एक मंडळ काढलं होतं आणि महिन्याला एखादं जुनं रीळ ते नागपूरहून मागवत. त्या दिवाळीच्या आधी त्यांनी एक अमेरिकन बोलपट आणला. सिनेमा बोलायला लागून दोन-चार वर्षंच झाली होती, त्या काळातला. सर म्हणाले, "नीट बघा. यानंतर लवकरच तिथं सिनेमाला कात्री लागली. कात्री लागल्यावर असल्या बायका पडद्यावर दिसल्या, तरी शेवटी त्यांना मरावं लागे नाही तर रडावं लागे."

गोष्ट साधी होती. एका मोठ्या दुकानात काम करणारी मुलगी मालकाच्या मुलाशी लग्न करते. तो दारू पितो, हात उगारतो. एके दिवशी ती बॅग उचलते आणि निघून जाते. एका लाँड्रीत कामाला लागते, पुढे लाँड्री स्वतःच चालवते. मग तो येतो. भारी कोट, हातात फुलं, तोंडात गोड शब्द. ती कपड्यांना इस्त्री करत असते. इस्त्री खाली न ठेवता ती त्याला सांगते की मी येत नाही. तो जातो, आणि ती पुढचा शर्ट घेते. संपलं. मी तो एकाच आठवड्यात दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना मला पडद्यावरची बाई दिसतच नव्हती. मला आमची सपरी, पुढची ओसरी, दिसत होती आणि सुपात तांदूळ पाखडणारी ताई.

मंडईला चार दिवस उरले असताना, बाबा ज्यांचं पुस्तक धरणार होते त्या नाटकवाल्यांचा निरोप आला. त्यांच्या नायकाला कावीळ झाली होती. मंडईची कमिटी आमच्या सपरीत डोक्याला हात लावून बसली. मी चहा घेऊन गेले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सिनेमा दाखवा ना मंग. मी आणीन."

"कोनता?" बाबांनी विचारलं.

"इंग्रजी."

कमिटीतले सगळे हसले. बाबा म्हणाले, "कोनाले समजन गा थो?"

"माइकवर मी सांगीन. पडद्यावरचे लोक बोलतील तसं मी आपल्या भाषेत बोलत जाईन. तुमी पुस्तक धरून बाजूले बसा."

पुस्तक म्हटल्यावर बाबांचे डोळे बदलले. आपण पुस्तक न धरता मंडई होणार या विचारानं ते दोन तासांपासून आतून कुढत होते, हे मला दिसत होतं. मी ते दिसल्यावरच बोलले होते. मंडईची रात्र रिकामी जाऊ नये म्हणून मी हा खटाटोप करते आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. मी तो बोलपट एका माणसासाठी आणत होते.

सरांनी रिळं दिली, शिवाय सोबत बसून संवाद समजावून दिले. मी वहीत मराठी उतरवत गेले. घरी आल्यावर बाबा वही वाचून घ्यायचे आणि चिडायचे. "'प्रिये, तुझ्याविना माझे जीवन शून्य आहे.' असं कोनी बोलते काय? आपल्यासारखं लिही." मग मी लिहायची, "तू नसली तं घर खायले उठते." बाबा मान हलवायचे. तीन दिवस आम्ही असे एकमेकांच्या डोक्याशी डोकं लावून बसलो होतो. बाबांशी माझं इतकं बरं त्याआधी कधी जमलं नव्हतं.

शेवटचं रीळ तेवढं लिहायचं राहिलं होतं. ते मी मंडईच्या दिवशी सकाळी पुरं केलं आणि त्यांना वाचून दाखवलं. बाबा ऐकत होते. मी वही मिटली तशी त्यांनी विचारलं,

"मंग मरत नाही थे?"

"नाही."

"नदीत गिदीत उडी?"

"नाही."

"परत जाते?"

"नाही जात."

"मंग संपते कशी?"

"कामाले लागते."

बाबांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. आमच्याकडच्या सामाजिक नाटकात घर सोडून गेलेली बाई तिसऱ्या अंकात एक तर विष घेते, नाही तर नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते. हे दोन्ही न करता पडदा पडू शकतो, हे त्यांच्या गावी नव्हतं. मग ते म्हणाले, "आज जवाईबापू समोर बसतील. थे शेवटचं वाक्य जरा नरम कर. 'पाहू', 'येईन कधी' असं काही."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "तीस वर्षांत तुमी पुस्तकातला एक शब्द तरी बदलला काय?"

"थे नाटक होय," बाबा म्हणाले. "हे घर होय."

मी वही आपटली आणि उठून गेले. आतल्या खोलीत ताई बसली होती. तिनं सगळं ऐकलं असणार, भिंत काही जाड नव्हती. ती स्वतःचे कपडे घडी करून पेटीत भरत होती.

भाऊजी दुपारी आले. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. बाबांना वाकून नमस्कार केला, माझी थट्टा केली, "काय मॅडम, आज इंग्रजी झाडणार म्हणे?" ताईकडे त्यांनी फक्त एकदा पाहिलं आणि बाबांना विचारलं, "मामाजी, पेटी भरली ना?" बाबा म्हणाले, "हो हो. उद्या सकाळच्या गाडीनं जा दोघं." झालं. एवढ्यात माझ्या बहिणीचा निकाल लागला आणि मग बाबा आणि भाऊजी मंडई पाहायला बाहेर पडले.

सिनेमाचा ऑपरेटर भंडाऱ्याचा होता. आणीबाणीत हाच माणूस कुटुंबनियोजनाचे सिनेमे दाखवत गावोगाव हिंडायचा, आणि तेव्हा तो आला की आमच्या गावातले निम्मे पुरुष नसबंदीच्या धाकानं बांधीत जाऊन लपायचे. आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, तरी त्याला पाहताच चार-सहा जण खरोखर पांगले. त्यांना समजावून परत आणण्यात कमिटीची संध्याकाळ गेली.

दिवे लागले तसा खेळ सुरू केला. दोन बांबूंना पांढरा पडदा ताणलेला, पुढच्या बाजूला पुरुष, पाठीमागच्या बाजूला बायका. दोन्हीकडून चित्र दिसतं, फक्त बायकांना डावं ते उजवं दिसतं. त्याची कोणालाच फिकीर नव्हती. सिनेमाचा इंग्रजी आवाज बंद ठेवला होता. बांबूच्या कडेला मी आणि बाबा, मध्ये माइक, बाबांच्या एका हातात वही आणि दुसऱ्या हातात टॉर्च. तिथून मला दोन्हीकडचे लोक दिसत होते. पहिल्या रांगेत खुर्चीवर भाऊजी, पायावर पाय टाकून. मागच्या बाजूला बायकांत ताई, पदर कपाळापर्यंत ओढलेला.

पहिली दहा मिनिटं माझा आवाज कापत होता. मग मी मालकाच्या मुलासाठी आवाज जाडा केला, त्याच्या आईसाठी नाकात बोलले, आणि लोक हसले. तिथून मी सुटले. एका प्रसंगी ती मुलगी कामावरून येऊन पायमोजे काढू लागली, पाठोपाठ झगाही काढू लागली. कमिटीतल्या म्हाताऱ्यांना एकदम खोकला आला. ऑपरेटरनं सवयीनं भिंगापुढे तळहात धरला. अंधारात मी म्हणाले, "बाई कपडे बदलून राहिली आहे. आपण सभ्य माणसं आहोत, जरासं थांबू." बायकांच्या बाजूनं असं हसू उठलं की पुरुषांनाही हसावं लागलं. बाबा टॉर्चच्या उजेडात कुजबुजले, "हे पुस्तकात नाही." पण तेही हसत होते.

मग तो प्रसंग आला. नवरा दार लोटून आत येतो, हात उगारतो, आणि दार बंद होतं. बाकी काही दाखवत नाहीत. बंद दार तेवढं दिसत राहतं. माझ्या वहीत तिथं एकही वाक्य नव्हतं. त्या शांततेत बायकांच्या बाजूनं एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आता म्हनन का विहिरीवर पडली." कोणी हसलं नाही. भाऊजींनी पायावरचा पाय काढला. गावाला सगळं माहीत होतं. गावाला ते नेहमीच माहीत असतं.

शेवटचं रीळ लागलं. लाँड्री आली, इस्त्री आली, तो कोटवाला आला. मी त्याच्या तोंडचं बोलले, "झालं गेलं विसर. घर तुही वाट पाहून राहिलं." फुलं टेबलावर ठेवली त्यानं. आता तिनं बोलायचं. मी पुरुषांच्या बाजूला पाहिलं. भाऊजी पडद्याकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते. आणि मी भ्याले. इतके दिवस मी सगळ्यांवर डाफरत होते, बाबांना ऐकवत होते, पण त्या क्षणी मला एवढंच सुचलं की मी बोलेन आणि उद्या ते ताईच्या अंगावर निघेल. मी माइकवर म्हणाले, "बरं... पाहू... येईन मी कधी..."

"मी येत नाही."

माइक आमच्या मध्ये होता. बाबांचा आवाज भोंग्यातून तलावापर्यंत गेला. त्यांचं बोट वहीवर होतं, टॉर्च वहीवर होता, आणि ते तीस वर्षांच्या सवयीनं, अजिबात न अडखळता, पुढचं वाचत गेले. "मी येत नाही. हे घर माहं आहे, हे काम माहं आहे. तुमची फुलं घेऊन जा." पडद्यावर गोरी बाई ओठ हलवत होती आणि आवाज येत होता माझ्या मिशीवाल्या बाबांचा. तो कोटवाला फुलं घेऊन बाहेर गेला. बाईनं पुढचा शर्ट पसरला.

 मग पाठीमागच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या, आणि नाटकात देतात तशी आरोळी आली, "वन्स मोअर!"

आमच्याकडे नाटकात वन्स मोअर मिळाला की नटाला तो प्रवेश परत करावा लागतो. त्यात सूट नाही. सिनेमातल्या नटाला ते लागू नाही, हे आमच्या बायकांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. "थे बाई अमेरिकेची असन, पन खेळ आमच्या मंडईत आहे," असं कोणी तरी म्हणालं. ऑपरेटर गांगरला. बाबा उठून त्याला म्हणाले, "वन्स मोअर आला आहे. द्यावा लागते."

त्यानं मशीन उलटं फिरवलं, पण घाईत दिवा बंद करायचा राहिला. पडद्यावर बाईनं पसरलेला शर्ट गोळा झाला, दार उघडलं, आणि तो कोटवाला पाठमोरा चालत, फुलांसकट, लाँड्रीत परत आला. सगळं मैदान उसळलं. "आला, आला, परत आला." मग मशीन सुलट झालं. बाबा माइकवर ओणवले. मी त्यांच्या पुढ्यातून माइक ओढून घेतला आणि ते वाक्य मी बोलले. या वेळी माझा आवाज कापला नाही. कोटवाला गेला. वन्स मोअर. पुन्हा तो पाठमोरा फुलं घेऊन आला, पुन्हा गेला. तीन वेळा आमच्या गावानं त्याला हाकललं, आणि तिसऱ्या वेळी ते वाक्य माझ्याआधी बायकांनीच म्हटलं, सगळ्यांनी मिळून.

त्या गलक्यात मला एक हसणं ऐकू आलं. हजार माणसांत मला ते ओळखू येतं. ताईचा पदर खांद्यावर घसरला होता, ती शेजारणीच्या अंगावर रेलली होती आणि पोट धरून हसत होती. तो कोटवाला उलट्या पावलांनी येताना तिला पाहवत नव्हता इतकं हसू येत होतं. मला रडू फुटलं. मी माइक बंद करायचं विसरले, त्यामुळे माझं नाक ओढणंही तलावापर्यंत गेलं. पुरुषांच्या बाजूला पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती.

घरी जाताना मी बाबांना विचारलं, "तुमी काहून बोलले?"

"मी कुठं बोललो," बाबा म्हणाले. "तू चुकली. जिभेले सवय आहे."  पण वन्स मोअर मिळाला होता तो पडद्यावरच्या बाईला. सकाळची गाडी तशीच होती, आणि पेटी भरलेलीच होती.

सकाळी भाऊजी आंघोळ करून, कपडे करून सपरीत उभे. तोंड सुजल्यासारखं. बाबा खांबाला टेकून बसलेले. मी रिळांचे डबे दोरीनं बांधत होते, मला त्याच गाडीनं ते भंडाऱ्याला सरांकडे पोचवायचे होते. ताई आतून चहा घेऊन आली. अंगावर रोजचं लुगडं.

"तयार नाही झाली?" भाऊजी म्हणाले. "चाल, गाडी सुटन."

ताईनं कप त्यांच्यासमोर ठेवला. "चहा घ्या अन् निघा तुमी. माहा हात तुमच्या घरी मोडला, इथं जुळला. मी आता इथंच राहीन."

इतक्या हळू आवाजात बोलली की मला वाटलं बाबांना ऐकू गेलं नसेल. भाऊजी हसले. "रातच्या खेळाचं चढलं वाटते डोक्यात. मामाजी, सांगा ना हिले. विहिरीवर पडली तं मी काय करू?"

बाबांनी मान वर केली. "हो ना पोरी. विहिरीवर..."

"तुमसरच्या घरी विहीर नाही, बाबा," ताई म्हणाली. "नळ आहे. लग्नाच्या आधी घर पाहायले तुमीच तं गेले होते."

मी दोरीची गाठ तशीच धरून राहिले. बाबा ताईकडे पाहत होते. मग तिच्या मनगटाकडे पाहिलं, जिथं हाड जरासं वाकडं जुळलं होतं आणि अजूनही आहे. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं काही आधी कधी पाहिलं नव्हतं. आपण नळ पाहिला होता, येऊन कौतुकानं गावाला सांगितलाही होता, आणि दोन-अडीच महिने विहीर ऐकून घेतली होती, हे त्यांना आता आठवत होतं. भाऊजींनी पुन्हा "मामाजी" म्हटलं.  बाबा उठले, पायात वहाणा घातल्या आणि भाऊजींची पिशवी उचलली.

"चाला जवाईबापू. फाट्यापर्यंत येतो."

भाऊजींनी चहा घेतला नाही. तो नंतर ताईनं प्यायला.

फाट्याचा रस्ता मंडईच्या मैदानातूनच जायचा. दुकानवाले तंबू सोडत होते, पोरं रात्रीच्या जागेवर काही सापडतं का पाहत होती. भाऊजी पुढे, झपाझप, मान खाली. त्यांच्यामागे पिशवी घेतलेले बाबा, आणि त्यांच्यामागे डोक्यावर रिळांचे डबे घेतलेली मी. लेक सोबत नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. माझ्या मनात धाकधूक होती की आता बाबा काय सांगणार. बरं नाही, दोन दिवसांनी जाईल, काही तरी नरमच सांगतील.

चिवड्याच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं विचारलंच, "का गा, पोरीले नाही पाठवलं?"

बाबा थांबले. भाऊजींना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "मी पाठवून राहिलो होतो. थे नाही गेली."

पुढे पाळीवर एकानं विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. देवळाजवळ दोघांनी विचारलं, त्यांना सांगितलं, आणि दर वेळी त्यांचा आवाज वाढत गेला. फाट्याजवळ सायकलवरून एक जण चालला होता. त्यानं नुसता रामराम केला, काही विचारलं नाही, तर बाबांनी त्याला सायकलवरून उतरवून सांगितलं.